टाक्याचं पाणी आणि तीन नळ्या

माझी बायको मंगल गेली हे मला नसरापूरला कळलं. मी पुण्याच्या गाडीची वाट बघत उभा होतो. हातात पिशवी होती आणि पिशवीत तांब्याची लहान कळशी, तोंडाला फडकं बांधलेली. आदल्या दिवशी मंगल दवाखान्यात म्हणाली होती, "हितलं पाणी गिळवत न्हाई मला. आपल्या टाक्याचं आना." म्हणून मी पाणी घेऊन निघालो होतो.

मुलाचा फोन आला. अमृत तिच्याजवळ होता.

"आबा, कुठं हायसा?"

"नसरापूरला. गाडी यायचीय."

"तितंच थांबा. आमी येतो."

"आमी म्हंजे कोन कोन?"

त्यानं फोन ठेवला. तेव्हा मला समजलं.

जवळ एक रिक्षावाला "वेल्हे, वेल्हे" म्हणून ओरडत होता. त्यानं मला दोनदा विचारलं, काका बसता का. मी नाही म्हणालो. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी पिशवी खाली ठेवली नाही. पाणी सांडेल असं वाटत होतं.

घरी आणल्यावर रीतीप्रमाणं तिच्या तोंडात पाणी घालायचं होतं. सगुणावैनी म्हणाली, "तिनं मागितल्यालं हाय, त्येच घाला." मी कळशीतलं पाणी पळीनं घातलं. ते ओठाच्या कडेनं खाली आलं. तेव्हा मला फक्त वाईट वाटलं होतं. भीती नंतर आली.

भीतीचं मूळ दवाखान्यातच होतं. मंगलचं मूत्रपिंड काम करत नव्हतं, त्यासाठी तिला नेलं होतं. एक तरुण डॉक्टर तिचे तळहात बघत बसला. तिच्या तळहातांवर तांदळाच्या कणीएवढे कडक घट्टे आले होते आणि छातीवर काळे-पांढरे ठिपके पडले होते. आम्हांला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. भात लावणारी, विळा धरणारी बाई, हात खडबडीत व्हायचेच. डॉक्टरनं विचारलं, "पाणी कुठलं पिता?" मी म्हणालो, डोंगरातल्या टाक्याचं. तो म्हणाला, "ते तपासून घ्या. सोमल, म्हणजे आर्सेनिक, असला तर असं होतं." मग म्हणाला, "मी नक्की सांगत नाही हं. पण तपासून घ्या." तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही.

सोमल म्हणजे विष हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. पूर्वी उंदरांना घालायचे.

आमची वाडी पासली गावाच्या वरच्या अंगाला आहे. वाडीच्या वर कातळात कोरलेलं टाकं आहे, वाघजाई देवीचं. सगळी वाडी तेच पाणी पिते. त्याच्याही वर दगडाची एक खाण होती, ती बंद पडून बरीच वर्षं झाली. बंद पडल्यावर कुणीतरी टेम्पोनं निळी पिंपं आणून त्या खड्ड्यात टाकली. कुणाची, कशाची, कुणाला माहीत नाही. आम्ही ती बघितली होती. दोन-तीन जणांनी एखादं धुऊन घरी पाण्याला घ्यावं म्हणून प्रयत्न केला, पण वास जाईना म्हणून सोडून दिली. पिंपं गंजली, फुटली. आम्ही त्यांचा विचार करायचं सोडून दिलं होतं. आता मला दुसरं काही सुचेना.

माझी सून अश्विनी गरोदर होती. मंगलनं तिच्यासाठी डिंकाचे लाडू करून ठेवले होते. मंगल गेल्यावर डॉक्टरचं बोलणं मी अमृतला सांगितलं, आणि तो टेम्पोतून नसरापूरहून पाण्याचे जार आणायला लागला. वाडीत हसायला लागले. सगुणावैनी एकदा दारातूनच म्हणाली, "काय गं अश्विनी, तुज्या पोराला इकतचं पाणी लागतंय व्हय? बारशाला बी बाटल्याच वाटा म्हनावं."

सगुणावैनी माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ वारला, तेव्हापासून टाक्याची झाडलोट तीच करते. रोज उतरून पायऱ्या धुते, शेवाळ काढते. टाक्याचा नियम एकच. आत तांब्याशिवाय दुसरं भांडं बुडवायचं नाही. स्टील नाही, ॲल्युमिनियम नाही, प्लास्टिकचं तर नावच नाही. बायका तांब्याच्या कळशीनं पाणी काढतात आणि घरी तांब्याच्या हंड्यात ठेवतात. मंगल रोज संध्याकाळी कळशी चिंचेनं घासायची. ती गेल्यावर मी घासायला लागलो.

भोरला एका कॉलेजात एक मॅडम पाण्यातला सोमल ओळखतात असं अमृतला कुणीतरी सांगितलं. त्यानं तिथं जाऊन बाटली आणली. झाकणाला पट्टी लावलेली प्लास्टिकची बाटली होती. त्या मॅडमनी ही टाक्यात बुडवून भरा म्हणून सांगितलं होतं. अमृतनं मला सांगितलं, "टाक्याचं पाणी भरायचंय." बुडवून भरायचं हे तो बोलला की नाही, आता दोघांनाही आठवत नाही. बोलला असता तरी आम्ही बुडवली नसती. आमच्या मनातच ते आलं नसतं. मी कळशी घासली, पाणी काढलं, रोजच्यासारखी झाकून ठेवली आणि सकाळी त्यातून बाटली भरून पहिल्या एसटीनं निघालो.

मॅडमचं नाव श्रावणी. भोरचीच मुलगी, वडील कुठल्याशा कचेरीत. मला मुलगी असती तर तिच्याच वयाची. खोलीत काचेची कपाटं, एक मोठा कुकर आणि हलणारा पाळणा होता, त्यात बाटल्या डुलत होत्या. मी दारातच थांबलो.

"या ना काका, आत या."

"चप्पल?"

"असू द्या."

"यात काय हाय?" मी पाळण्याकडं बोट केलं.

"जंतू आहेत."

मी एक पाऊल मागं सरलो. ती हसली. म्हणाली, "हे रोग करणारे नाहीत. बंद नळीत राहतात, आणि काम झालं की कुकरमध्ये उकडून टाकते मी. तुमचं पाणी तेच तपासणार आहेत."

"जंतू तपासनार?"

तिनं मला बसवलं आणि सांगितलं. सगळं मला कळलं असं नाही, जेवढं कळलं तेवढं लिहितो. जंतूच्या आत लाल रंग तयार करायचं एक जनुक तिनं घातलं आहे. त्या जनुकाच्या आधी एक छोटा तुकडा असतो, त्याला प्रमोटर म्हणतात. तो ठरवतो, पुढचं जनुक चालायचं की नाही, आणि चाललं तर किती जोरात. त्या तुकड्यावर एक प्रथिन पहाऱ्याला बसलेलं असतं, म्हणून रंग होत नाही. पाण्यात सोमल आला की पहारेकरी उठतो, वाट मोकळी होते आणि जंतू लाल होतात.

"मग एक नळी पुरे की," मी म्हणालो. समोर तीन नळ्या होत्या.

"नाही पुरत. एकाच जोराचा प्रमोटर असला तर फक्त आहे किंवा नाही एवढंच कळतं. किती आहे ते कळत नाही. म्हणून मी त्या तुकड्यात इथं तिथं डीएनएचं एकेक अक्षर बदलून तीन जोराचे केले. दोन वर्षं गेली त्यात. पहिला फार जोराचा आहे, थोडं असलं तरी लाल होतो. दुसरा मधला. तिसरा कमजोर, भरपूर असल्याशिवाय हलत नाही."

मी म्हणालो, "आमच्या वाडीत तीन कुत्री हायेत. एक पाचोळा उडाला तरी भुंकतं. एक मानूस आलं की भुंकतं. तिसरं लई म्हातारं हाय, त्ये निस्तं बिबट्याला भुंकतं."

ती खळखळून हसली. "काका, हे मी माझ्या सरांना सांगणार. आणि तुमचं पाचोळ्यावर भुंकणारं कुत्रं आहे ना, तसाच माझा पहिला आहे. काही नसलं तरी थोडा भुंकतोच. अगदी स्वच्छ पाण्यातही ती नळी जराशी गुलाबी होते. खूप प्रयत्न केला, ते जात नाही."

तिनं तिन्ही नळ्यांत माझं पाणी घातलं, जंतूंचं खाणं घातलं आणि दुपारनंतर यायला सांगितलं.

मी एसटी डेपोत जाऊन बसलो. भूक नव्हती. तिथं एक बाई आपल्या नातवाला बाटलीतलं पाणी पाजत होती. मी तिकडं बघायचं टाळलं. मनात एकच होतं. अश्विनी लग्न होऊन आल्यापासून जार सुरू होईपर्यंत तेच पाणी प्याली होती. पोटातलं पोर त्याच पाण्यावर वाढायला लागलं होतं.

परत गेलो तेव्हा खोलीत श्रावणी नव्हती. नळ्या स्टँडवर होत्या. मी वाकून बघितलं. तिन्ही नळ्या पाण्यासारख्या, थोड्या गढूळ. लाल कुठंही नव्हतं. मी बाहेर व्हरांड्यात आलो आणि अमृतला फोन लावला. लागला नाही. मग अश्विनीला लावला, तिनं उचलला.

"लाल न्हाई झालं पोरी! एक बी न्हाई!"

"म्हंजे चांगलं हाय का पाणी, मामा?"

"चांगलं हाय."

तिकडं सगुणावैनीचा आवाज आला, "आगं काय म्हंत्यात भावजी?" आणि मग दोघी एकदम बोलायला लागल्या. मी फोन ठेवला. डोळे पुसले. मंगल पाण्यानं गेली नाही एवढंच मला त्या वेळी पुष्कळ होतं.

आत आलो तेव्हा श्रावणी नळ्या उजेडाकडं धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"मॅडम, चांगलं निगालं ना?"

"थांबा काका." तिनं पहिली नळी पुन्हा उजेडाला धरली. "ही गुलाबी व्हायला हवी होती."

"न्हाई झाली त्ये चांगलंच की."

"नाही. ही स्वच्छ पाण्यातही थोडी गुलाबी होते, म्हणाले ना मी? ही गप्प बसली याचा अर्थ पाणी चांगलं असा नाही. जंतूच मेलेत."

आमच्या पाण्यात तिचे जंतू मेले होते, आणि मी नुकताच घरी फोन केला होता.

"कशानं मेले?"

"तेच बघतेय. बाटली टाक्यात बुडवून भरलीत ना?"

मी सगळं सांगितलं. कळशी, चिंच, झाकून ठेवलेलं पाणी. तिनं डोक्याला हात लावला, पण रागावली नाही.

"काका, तांब्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यात तांबं उतरतं. तुम्हांला ते चांगलंच आहे, त्यानं जंतू मरतात म्हणून तर लोक ठेवतात. पण माझे जंतूही मरतात. या पाण्यात सोमल आहे की नाही, मला काहीही सांगता येत नाही. चूक माझीही आहे, मी विचारायला हवं होतं."

"तांब्यानं सोमल मरतो का?"

"नाही. सोमल तसाच राहतो."

मी बाहेर येऊन अश्विनीला फोन लावला. लागला नाही. अमृतला लावला, लागला नाही. वाडीत रेंज कधी येते कधी जाते. मी सारखा लावत राहिलो. श्रावणीनं दुसरी बाटली माझ्या हातात दिली, त्यावर स्वतः लिहिलं, तांबं नको. मी ती पिशवीत टाकून डेपोकडं पळालो म्हटलं तरी चालेल.

भोर ते नसरापूर, नसरापूर ते वेल्हे, वेल्ह्याहून पुढं. ज्या रस्त्यानं मंगलला आणलं त्याच रस्त्यानं मी येत होतो, आणि या वेळी पोचायला उशीर होऊ नये एवढंच वाटत होतं. वेल्ह्यात गाडी थांबली तेव्हा फोन वाजला आणि मी उचलायच्या आत बंद पडला. पुन्हा लावला तर बाई बोलायला लागली, आपण संपर्क करत असलेली व्यक्ती.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ओट्यावर पाण्याचा जार आडवा पडला होता, रिकामा. अश्विनी आणि सगुणावैनी दोघी बसल्या होत्या. अश्विनीच्या कपाळाला कुंकू होतं. तिच्या हातात फुलपात्र होतं.

"मामा, आलात? आत्यांनी देवीची ओटी भरायला लावली. आज पयल्यांदा पोटभर प्याले बगा. जारच्या पाण्याला चवच न्हाई."

मी तिच्या हातातून फुलपात्र काढून घेतलं. थोडं जोरातच घेतलं असणार, कारण ती दचकली. मी पाणी अंगणात ओतलं.

"आवं भावजी, देवीचं पाणी हाय!" सगुणावैनी उठली.

"माजी चूक झाली," मी म्हणालो. "पाणी चांगलं हाय म्हनून कुनी सांगितलेलं न्हाई. तपासायचंच राह्यलंय."

मी दोघींना समजेल तसं सांगितलं. अश्विनी पोटावर हात ठेवून भिंतीला टेकली. ती रडली नाही. म्हणाली, "मी किती प्याले असन मामा? आजचं सोडा. पयलं?"

मी बाटली काढली. "वैनी, ही टाक्यात बुडवायचीय."

"पिलास्टिक? वाघजाईच्या टाक्यात? म्या जिती हाय तवर न्हाई."

"मग पाणी कसं न्यायचं?"

"न्यायचंच कशाला? इतकी वर्सं पितोय आमी. तुमची मंगल तेवढी मेली म्हनून देवीला दोष?"

हे ती बोलली आणि स्वतःच थांबली. मग मी म्हणालो, "वैनी, हात दावा."

"कशाला?"

"दावा की."

तिनं हात पदरात घेतले. मी तसाच उभा राहिलो. अश्विनी म्हणाली, "आत्या, दावा ना." मग तिनं हात पुढं केले, उताणे. दोन्ही तळहातांवर तसेच कडक घट्टे होते. मंगलच्या हातापेक्षा जास्त होते. काही तिनं ब्लेडनं कापले होते, त्यांची खूण होती.

"कदीपासनं?" मी विचारलं.

"मंगलच्या बी आदीपासनं." तिचा आवाज खाली गेला. "म्या कुनाला दावलं न्हाई. टाक्याची सेवा करतीया, तिलाच असं झालं म्हंजे देवी कोपली म्हनतील. तुमच्या मंगलचं बगितलं आन् मला झोप न्हाई. लाल झालं तर कुठं जायचं आमी, सांगा? दुसरं पाणी कुठंय?"

मी म्हणालो, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याबरोबर टाक्यावर आली. पायऱ्या धुतल्या, हळद-कुंकू वाहिलं आणि वाघजाईला हात जोडून म्हणाली, "आई, पोरीच्या पोटासाठी करतोय. राग माज्यावर काड." मग माझ्याकडं पाठ करून बसली. मी बाटली बुडवली. बुडबुडे येऊन बाटली भरली. टाक्याचं पाणी स्वच्छ होतं, तळाचा कातळ दिसत होता. इतकं स्वच्छ पाणी मी दुसरीकडं बघितलेलं नाही.

त्या दिवशी मी श्रावणीच्या खोलीतून हललो नाही. तिनं चहा दिला, तो तसाच राहिला. पहिली नळी आधी लाल झाली, गडद, कुंकवासारखी. मी म्हणालो, "ही तर पाचोळ्याला बी भुंकते."

"एवढी नाही भुंकत," ती हळू म्हणाली.

मग मधली झाली. तिसरीकडं आम्ही दोघं बघत बसलो. ती म्हातारी, बिबट्याशिवाय तोंड न उघडणारी. जवळजवळ संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. मला वाटलं, वाचलो. मग तिच्या तळाशी लाली दिसायला लागली. श्रावणीनं ती हातात घेतली नाही, तिथंच बघत राहिली. नंतर म्हणाली, "काका, मी हे पाणी पुण्याला मशीनवर पाठवते, पक्का आकडा येईल. पण त्याची वाट बघू नका. आजपासून कुणीही पिऊ नका."

मी त्याच रात्री वाडीला सांगितलं. काहींनी ऐकलं, काही माझ्याबद्दल म्हणाले, मंगल गेल्यापासून कुंडलिकच्या डोक्यावर परिणाम झालाय. सगुणावैनीनं टाक्याच्या तोंडावर पत्रे टाकले आणि स्वतः त्यावर दगड ठेवले. ते बघून मात्र सगळे गप्प झाले. आता खालच्या नदीकाठच्या विहिरीचं पाणी आणतो. श्रावणीनं तेही तपासलं, तीन नळ्यांत फक्त पहिली, तीही जराशी गुलाबी. वैनीला अमृत दवाखान्यात घेऊन गेला. पुण्याचा आकडा आला, तो श्रावणीच्या नळ्यांशी जुळला.

अश्विनी माहेरी आहे. तिचं रक्त तपासलं, डॉक्टर म्हणतात लक्ष ठेवू, बाळ हलतंय. याहून जास्त कुणी सांगत नाही. ती रोज फोन करते आणि आधी पाण्याचंच विचारते. मंगल त्या पाण्यानंच गेली का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. तिच्या तोंडात शेवटचं पाणी मी तेच घातलं, हे मी अश्विनीला सांगितलेलं नाही. तिनं बघितलं होतंच.

मी मधून मधून वर खाणीत जाऊन येतो. पिंपं तिथंच आहेत. निळा रंग गेला आहे, बुडं फुटली आहेत आणि खालची माती काळी पडली आहे. आम्ही अर्ज दिले, माणसं येऊन फोटो काढून गेली. पाऊस आला की खाणीतलं पाणी कातळातून खाली झिरपतं, टाक्यात आणि टाक्याच्याही खाली, विहिरीकडं. पाऊस लागायच्या आत पिंपं उचलायला हवीत. अजून ती कुणी उचललेली नाहीत.